पेटीतली ऊब

१

भट्टीकाकूंचं आणि उंदरांचं वैर जुनं होतं. ज्या घराने पिढीभर पाव भाजून विकले, त्या घराला हे वैर न मागता मिळतंच. मैद्याची पोती, साखरेचे डबे, खमिराचा आंबूस वास. उंदरांना आणखी काय हवं असतं? काकू अभिमानाने सांगत की त्यांनी उभ्या आयुष्यात एका पोत्याला भोक पडू दिलं नाही. त्यांचे धाकटे दीर शेजारी बसलेले असले तर "दोन पोती सोडून" अशी हळूच पुस्ती जोडत.

आता भट्टी थंड होती. मोठ्या दुकानांतले कागदात गुंडाळलेले पाव गिऱ्हाइकांना आवडू लागले, त्यात काका गेले, आणि काकूंनी बेकरीला कुलूप लावलं. घरात राहिल्या काकू आणि पत्र्याची कामं करून निवृत्त झालेले दीर. भट्टी गेली, तरी काही वाया जाऊ द्यायचं नाही ही सवय गेली नाही. भाज्यांची सालं, देठं, पानात उरलेलं, सगळं काकू मागच्या अंगणात कोपऱ्यात टाकत आणि त्याचं खत झाडांना घालत. झाडं खूश होती. उंदीर त्याहून खूश होते.

हे सगळं चाललं असतं. पण एका सकाळी काकूंची लेक आपल्या सात महिन्यांच्या मुलीला घेऊन आली. ती चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचा नंबर काढायची. सुट्टी संपत आली होती, नोकरीवर परत जायचं होतं, आणि दिवसभर बाळाला कोण सांभाळणार हा प्रश्न होता. काकू याच प्रश्नाची वाट बघत होत्या. मागची खोली त्यांनी धुऊन पुसून ठेवली होती, पाळण्याला नवी दोरी लावली होती. बाळाला पाळण्यात ठेवून लेक अजून टेकलीही नव्हती, तोच भर उजेडात एक उंदीर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाळण्याखालून पळाला.

लेकीने बाळाला उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं नाही. आवाज न चढवता ती म्हणाली, "आई, इथे एक जरी उंदीर दिसला ना, तरी मी हिला ठेवणार नाही. मग मला पुन्हा विचारू नकोस."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तीन वर्षांपूर्वी, लेक इथे राहत असताना, याच मागच्या खोलीत तिचा पहिला मुलगा गेला होता. दिवस भरायच्या आधी आलेला, ओंजळीत मावेल एवढा. त्यात उंदरांचा काही संबंध नव्हता, पण या खोलीवरचा तिचा विश्वास तेव्हाच उडाला होता. काकूंना तो परत मिळवायचा होता. नात या घरात रांगली पाहिजे, इथल्या उंबऱ्याला धरून उभी राहिली पाहिजे, एवढं एकच मागणं आता त्यांच्यापाशी उरलं होतं. लेक गेल्यावर त्यांनी पदर खोचला.

२

"कचरा गाडीवाल्याला द्या आणि मोकळ्या व्हा," असं दिरांचं मत पडलं. काकूंना ते पटलं नाही. उंदरांना भिऊन झाडं उपाशी ठेवायची म्हणजे उंदीर जिंकले. रोपं विकणाऱ्या माळ्याने त्यांना एक गोष्ट सांगितली होती. चहूबाजूंनी बंद आणि जाड भिंतींच्या पेटीत ओलं-सुकं नीट मिसळून घातलं, तर ते आपल्या आपण तापतं, हात घालवणार नाही इतकं. त्या उष्णतेत बी मरतं, जंतू मरतात, वास राहत नाही, आणि उंदराची त्यात शिरायची छाती होत नाही. उष्णतेवर काकूंचा पहिल्यापासून भरवसा. जन्मभर त्यांनी तिच्याच जिवावर पोट भरलं होतं.

आणि पेटी तर घरातच होती. मळलेलं पीठ फुगायला ठेवायची ती जुनी लाकडी पेटी, दुहेरी भिंतींची, आतून पत्रा मारलेली. दिरांनी दोन भिंतींच्या मध्ये थर्माकोल ठासून भरला, झाकणाच्या कडेला रबराची पट्टी लावली, दोन बाजूंना कड्या बसवल्या. हवेसाठी तळाशी भोकं ठेवणं भाग होतं, तिथे तारेची जाळी ठोकली. ठोकता ठोकता तोंड चालू होतंच. "वहिनी, लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. तुम्ही उंदरासाठी डोंगर रचताय."

"रचू द्या. तुम्ही खिळे वाकडे ठोकू नका म्हणजे झालं," काकू म्हणाल्या.

तळाला फांद्यांचे तुकडे, त्यावर बारीक चिरलेली सालं, फाडलेले पुठ्ठे, सुताराकडचा भुसा. सगळं दाताळ्याने खालवर केलं आणि झाकण लावलं. दोन दिवसांनी बेकरीचा लांब दांडीचा थर्मामीटर खुपसून पाहिला. थंडगार. माळ्याने त्यावरही उपाय सांगितला होता. ढीग पहिल्यांदा आळस करतो, त्याच्या पोटात गरम पाण्याची पिशवी पुरायची, म्हणजे तो जागा होतो.

पिशवी ट्रंकेत तळाशी होती. काकूंनी ती बाहेर काढली आणि थोडा वेळ तशाच बसून राहिल्या. तिच्यावर पिवळ्या फ्लॅनेलची खोळ होती, काकूंनीच शिवलेली, कडेने लाल दोऱ्याचे टाके घातलेली. पिवळा दोरा तेव्हा घरात नव्हता आणि आणायला वेळही नव्हता. पहिला नातू जगला त्या थोड्या दिवसांत काकूंनी दर थोड्या वेळाने पाणी बदललं होतं, एकदाही पिशवी गार होऊ दिली नव्हती. शेवटच्या सकाळीसुद्धा पिशवी गरम होती. त्याच्याकडेच ती ऊब पोचली नव्हती.

खोळ काढून ठेवावी असं एकदा मनात आलं. पण उघडी पिशवी लवकर निवते हे त्यांना माहीत होतं. त्यांनी पाणी भरलं, पिशवी खोळीसकट ढिगाच्या मधोमध पुरली आणि वरून थोपटून दिलं.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडताच वाफ तोंडावर आली. काटा साठच्या वर होता. काकूंनी लांब चिमट्याने पिशवी बाहेर ओढली. तिच्यावर खोळ नव्हती. दाताळ्याने बरंच उकरलं तरी एक धागासुद्धा हाती लागला नाही. सुती कापड, कुजून गेलं असेल, असं त्यांनी मनाला सांगितलं. एका दिवसात कापड कुजत नाही हेही त्यांना ठाऊक होतं. पण पेटी तापली होती, आणि त्या घडीला त्यांना तेवढंच पुरे होतं.

३

उंदीर खरोखरच गेले. एक दिवस काकू भांडी घासत असताना कुंपणाच्या भिंतीकडेने एक घूस आली, चांगली गलेलठ्ठ. पेटीपासून बरीच लांब असतानाच ती थांबली, मागच्या पायांवर उभी राहिली, नाक हलवलं, आणि आल्या वाटेने पळत सुटली. त्यानंतर अंगणात शेपूट म्हणून दिसली नाही. पुढे तर सगळ्या गल्लीतूनच उंदीर नाहीसे झाले. समोरचा शिंपी म्हणाला, कापडाला तोंड लागलं नाही असा हा पहिलाच महिना. त्याची मांजर दिवसभर दुकानाच्या पायरीवर जांभया देत पडायची.

"उंदराला मांजर साक्ष म्हणतात," दीर म्हणाले. "इथे तर तिचंही काम गेलं."

काकूंना आनंद झाला आणि तो त्यांनी लपवला नाही. लेकीला फोन करून सांगितलं, ये आणि हातात बॅटरी घेऊन बघ. लेक म्हणाली, येईन, पण महिनाभर थांबून, खात्री झाल्यावर.

रोज सकाळी चहा झाला की काकू पेटीकडे जात. चिरलेलं घालायचं, पुठ्ठा घालायचा, हलवायचं, काटा बघायचा. एकदा सगळं झाल्यावर त्यांनी जुन्या सवयीने ढिगात बोट दाबलं. पीठ फुगलं की नाही हे बेकरीवाले असंच बघतात. बोटाचा खळगा हळूहळू भरून आला तर पीठ जिवंत आहे, म्हणतात. खळगा तसाच राहिला तर ते मेलं.

कचऱ्यातला खळगा तसाच राहायला हवा होता. काकू बघत राहिल्या आणि तो हळूहळू भरून आला.

आत हवा कोंडली असेल. वाफेने वर उचललं असेल. काकूंनी झाकण लावलं, हात साबणाने धुतले, आणि दिवसभर ते बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून राहिल्या.

४

मग ढिगात खळी पडू लागली. झाकण उघडलं की मधोमध एक खोलगट जागा, गोलसर, कडा दाबून गुळगुळीत झालेल्या. कुजताना ढीग खचतो हे खरं आहे. काकू दाताळ्याने ती मोडत, भरत, सारखं करत. दुसऱ्या दिवशी खळी पुन्हा तिथेच आणि कालच्याहून मोठी. आत पुठ्ठ्याचा कीस पसरलेला असायचा, मऊ, कापसासारखा मोकळा केलेला. काकू पुठ्ठा तळहाताएवढे तुकडे करून टाकत. इतका बारीक त्यांनी कधीच फाडला नव्हता.

म्हणजे उंदीर, असं त्यांच्या डोक्याने ताबडतोब सांगितलं. उंदरीण पिल्लांसाठी असंच मऊ घरटं करते, बेकरीच्या पोटमाळ्यावर त्यांनी अशी शेकडो मोडली होती. पण साठ अंशांच्या वर? तिथे पिल्लं शिजून निघतील. आणि आत येणार कुठून? काकूंनी दिरांना जाळी तपासायला लावली.

दीर पेटीच्या बाजूला पालथे पडले, बॅटरी धरून बराच वेळ बघत राहिले. मग तारेचा एक तुकडा घेऊन उठून बसले. म्हणाले, "वहिनी, एका भोकाची जाळी तुटलीय."

"मग उंदीरच तो."

"उंदीर बाहेरून कुरतडतो. तार आत वळते." त्यांनी हातातला तारेचा तुकडा फिरवून दाखवला. "ही बाहेर वळलीय. आणि कुरतडलेली नाही. वाकवून वाकवून तोडलीय."

काकू म्हणाल्या, उष्णतेने तार मऊ पडते. दीर म्हणाले, पडते, पण भट्टीत, पेटीत नाही. पत्र्याचं आणि तारेचं त्यांना सांगणारं कुणी नव्हतं, काकूंनीही वाद घातला नाही. दिरांनी त्या भोकावर दुहेरी जाळी ठोकली आणि अवजारं आवरली. तेव्हापासून ते मागच्या अंगणात जाईनासे झाले. धुतलेले कपडेसुद्धा पुढच्या दारात दोरी बांधून तिथे वाळत घालू लागले. विनोदही सगळे आटले.

काकूंना त्या खळीचा आकार ओळखीचा वाटत होता. कुठे पाहिला ते पुष्कळ आठवून पाहिलं, आणि एका सकाळी पुठ्ठा फाडता फाडता ते लख्ख समोर आलं. पहिल्या नातवाला ज्या टोपलीत ठेवत होते, ती तशीच होती. खळी आता त्या टोपलीहून बरीच मोठी झाली होती.

५

काकू घाबरल्या, पण घाबरून बसणारी ती बाई नव्हती. पेटी बंद करायची, असं त्यांनी ठरवलं. खायला घालायचं नाही, झाकण उघडं टाकायचं, वारा लागू द्यायचा. भट्टीसुद्धा लाकूड मिळालं नाही की विझते.

काटा उतरत गेला. पन्नास, पंचेचाळीस, चाळीस. काकूंना हायसं वाटलं. सदतीसवर येऊन तो थांबला. दुसऱ्या दिवशी सदतीस. तिसऱ्या दिवशी बाहेर गार वारा सुटला होता, काकूंनी अंगावर शाल घेतली होती, तरी सदतीस. त्यांनी थर्मामीटर काढून पुसला, स्वतःच्या काखेत धरून पाहिला. काटा जागचा हलला नाही.

त्याच दुपारी त्या मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. दीर पुढच्या खोलीत झोपले होते, गल्ली शांत होती. अंगणाकडच्या खिडकीतून एक आवाज आला. बारीक, ओलसर, थांबून थांबून. काकूंनी घडी तशीच मांडीवर धरली. भुकेलं मूल रडायच्या आधी स्वतःची मूठ चोखत राहतं, त्याचा आवाज असाच असतो. ज्याने एकदा ऐकलाय त्याला तो विसरता येत नाही.

नळ गळत असेल म्हणून त्या उठून बघून आल्या. नळ कोरडा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवर लेंड्या सापडल्या. दुपारी पाळण्याच्या वरच्या खिडकीत उंदीर बसलेला होता, मिशा साफ करत, कुणाची भीती नसल्यासारखा. आणि संध्याकाळी लेकीचा फोन आला, रविवारी येते, सगळं ठीक असलं तर सोमवारपासून बाळाला सोडत जाईन.

काकू स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. एकीकडे नात होती, दुसरीकडे अंगणातली ती पेटी, आणि पेटी उपाशी राहिली तर उंदीर येणार हे आता उघड होतं. आगीतून उठून फुफाट्यात पडावं तशी गत. पण निवड करायला त्यांना फारसा वेळ लागला नाही. काल-परवाची सालं होती, पिकून काळी पडलेली केळी होती, शिळा पाव होता. त्या भराभर एका पातेल्यात तयारी करू लागल्या. पातेलं घेऊन अंगणात आल्यावर त्यांचं आत लक्ष गेलं. केळी सोलून त्यांचे दोरे काढलेले होते. पाव दुधात भिजवून, गुठळी राहणार नाही इतका कुस्करलेला होता.

हे आपण कधी केलं ते त्यांना आठवेना. हातांना मात्र माहीत होतं. पातेलं त्यांनी ढिगात रिकामं केलं, वरून भुसा घातला, झाकण लावलं, कड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी काटा साठच्या पुढे गेला आणि गल्लीतले उंदीर पुन्हा दिसेनासे झाले.

६

लेकीने रविवारी खरंच बॅटरी आणली. पाळण्याखाली, फळ्यांवर, मोरीच्या तोंडाशी, कपाटामागे, डोळ्यात तेल घालून तिने सगळं पाहिलं. कुठे काही सापडलं नाही. मग ती पाळण्याच्या कडेला बसली आणि बराच वेळ दोरीला हात लावून राहिली. या खोलीत ती तीन वर्षांत पहिल्यांदा बसत होती. काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत, लेकीनेही पाहून न पाहिल्यासारखं केलं.

सोमवारपासून नात येऊ लागली. घर पुन्हा घर वाटायला लागलं. दीर नातीला मांडीवर घेऊन पत्र्याच्या डबीत खडे घालून वाजवत, काकू तिला मऊ भरवत, दुपारी पाळण्यात घालत. पोर मोठी गुणी. झोपेतून उठली तरी रडायची नाही. खिडकीकडे बघायची, हात पुढे करायची, आणि खुदकन हसायची. कुणी समोर उभं राहून तोंड वेडंवाकडं केलं की मुलं हसतात तशी. खिडकीबाहेर अंगण होतं आणि अंगणात पेटी. काकूंनी पाळण्याचं तोंड दुसरीकडे फिरवलं. पोरीने मान वळवली.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी लेक कामावरून आली, बाळाला पाळण्यातून उचललं आणि थबकली. बाळाच्या मुठीत काहीतरी होतं. लेकीने एकेक बोट सोडवून ते बाहेर काढलं. पिवळं फ्लॅनेल, कडेने लाल टाके. डाग नव्हता, विरलेलं नव्हतं, एकही दोरा सुटलेला नव्हता.

"हे तू अजून ठेवलंयस?" लेकीने विचारलं.

ट्रंकेत होतं, असं काकू म्हणाल्या. खोटं बोलताना त्यांचा आवाज जराही हलला नाही, आणि याचंच त्यांना नंतर वाईट वाटलं. लेकीने खोळ गालाला लावली. "गरम आहे," ती म्हणाली. "आत्ता इस्त्री केलीस का?"

काकूंनी मान डोलावली. लेकीने खोळीची नीट घडी केली, काकूंच्या हातात दिली, आणि त्यांचा हात आपल्या हातात तसाच धरून ठेवला. "आई, त्याचं ते त्याचं. हिला नको."

"नाही देणार," काकू म्हणाल्या. हे मात्र खरं होतं, आणि त्यांनी ते तिथल्या तिथे मनाशी बांधून टाकलं. लेक गेल्यावर त्यांनी खिडकी लावून घेतली आणि पेटीच्या खालच्या भोकांपाशी बॅटरी नेली. दुहेरी जाळीची तार बाहेर वळलेली होती.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी नातीला दिरांच्या मांडीवर दिलं आणि पुढच्या खोलीचं दार ओढून घेतलं. दाताळं घेतलं. खोळ कमरेला खोचलेली होती. पेटी उपसायची, तळापर्यंत, काय असेल ते दिवसाउजेडी बघायचं आणि संपवायचं. उंदरांचं घरटं समोर आलं की त्या मागेपुढे पाहत नसत. हेही एक घरटंच होतं, असं त्या स्वतःला सांगत गेल्या.

कड्या काढल्या. झाकण उचलताना रबराच्या पट्टीने श्वास सोडल्यासारखा आवाज केला. वाफेचा लोट आला, काकू बाजूला सरल्या, दाताळं खांद्यापर्यंत उगारलं आणि वाफ विरायची वाट पाहिली.

वास कुजका नव्हता. पावाचा होता. भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावाचा.

खळी पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचली होती. आत पुठ्ठ्याचा कीस वर-खाली होत होता, अगदी थोडा, सावकाश. कडेला, जिथे कीस संपत होता, तिथे एक टाच दिसत होती. मातीच्या रंगाची, गोल. ओंजळीत मावणाऱ्या जिवाची नव्हती ती. पळणाऱ्या, पायऱ्या चढणाऱ्या, हाक मारली तर लपून बसणाऱ्या मुलाची होती. उघड्या झाकणातून गार वारा आत गेला. पांघरूण सरकलं की झोपेतलं मूल पाय पोटाशी घेतं, तशी ती टाच हळूच किसाखाली गेली.

दाताळ्याचे दात तिच्यापासून हातभरावर होते.   काकूंना त्या क्षणी भीती वाटली का, तर वाटली. पण त्या भीतीच्याही खाली एक दुसरीच गोष्ट होती, आणि ती तीन वर्षं तिथेच होती. त्या दिवसांत पिशवी गरम होती, फक्त ऊब पोचली नव्हती. आता पोचली होती.

त्यांनी दाताळं भिंतीला टेकवून ठेवलं. आत जाऊन पाणी तापवलं, रबराच्या पिशवीत भरलं, तोंड घट्ट पिळून बंद केलं, आणि पिशवीवर पिवळी खोळ चढवली. बाहेर येऊन ती खळीत अलगद ठेवली. पुठ्ठा घेऊन बसल्या आणि बारीक बारीक फाडत राहिल्या, आतल्यासारखा मऊ होईपर्यंत, आणि तो वरून पसरला.

"तुझं तुझ्यापाशी राहील," त्या म्हणाल्या. आवाज आजी ज्या आवाजात दटावते तोच होता. "खायला रोज मिळेल, गार पडू देणार नाही. पण तिच्याकडे जायचं नाही. कळलं?"

किसात काही हललं नाही. काकूंनी झाकण लावलं, दोन्ही कड्या घातल्या, तळाच्या भोकांसमोर विटा रचल्या. हात धुतले, पदराला पुसले आणि पुढच्या खोलीत आल्या.

नात दिरांच्या मांडीवर झोपली होती. दिरांनी काकूंच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं आणि नजर नातीकडे वळवली.

"भाऊजी," काकू म्हणाल्या, "थंडीच्या आत नवी पेटी करायला हवी. ही पुरत नाही."

 वाकलेल्या तारेचा तो तुकडा दिरांनी अजून खिशात ठेवलेला होता, आणि बोटं नकळत तिकडे गेली. "आणि जाळी?" त्यांनी विचारलं.

"आतल्या बाजूने ठोका. सगळ्यात जाड मिळेल ती घ्या. हिच्या खिडकीलाही लावा, ती आधी."

"केवढी करायची?"

पेटीचं माप सांगताना माणूस दोन्ही हात पसरून दाखवतो. काकूंनी एकच हात पुढे केला, पालथा, जमिनीपासून मांडीएवढ्या उंचीवर. तिथे तो थोडा वेळ धरला, मग विचार करून जरा वर नेला.

"वाढत्या अंगाची करा," त्या म्हणाल्या.